निरंकच्या जागी दोन वाक्यं

पोलिसांच्या गोपनीय शाखेचा जमादार दर महिन्याच्या पंचवीस तारखेला आमच्या कॉलेजात यायचा. गोपनीय हे आपलं नावापुरतं. त्याची मोटारसायकल फाटकातून आत शिरली की वॉचमन तिथूनच "गोपनीयवाले आले" असं ओरडायचा आणि कॅन्टीनवाला न विचारता दोन कप चहा माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या शेतकी कॉलेजात मी पिकांबद्दल शिकवत होते. त्याखेरीज परदेशी विद्यार्थ्यांचं काम माझ्या गळ्यात पडलेलं होतं, कारण इंग्रजीत पत्रं लिहायची म्हटली की बाकीच्यांच्या कपाळावर आठ्या यायच्या. मला मात्र ते काम आवडायचं. दिल्लीहून आलेल्या पाकिटावर आपलं नाव बघायला कुणाला आवडत नाही? परदेशी विद्यार्थी म्हणजे तरी किती, त्या वर्षी एकच होता.

जमादाराजवळ एक छापील तक्ता असे. विद्यार्थ्याचं नाव, देश, हजेरी, गाव सोडून कुठे गेला होता का, कोण भेटायला आलं होतं का, आणि सगळ्यात शेवटी "विशेष माहिती" नावाचा रुंद रकाना. त्या रकान्यात तो माझ्यासमोरच "निरंक" असं लिहायचा. सांगण्यासारखं काही नाही, हेसुद्धा सरकारला दर महिन्याला कळवावं लागतं. मग चहा संपवून तो त्याच्या गावच्या पावसापाण्याचं बोलायचा आणि जायचा.

त्या मुलाच्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. डोंगराळ देश आहे, आपला मित्र म्हणवतो, आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक मोठा शेजारी आहे. दोघांशी गोड बोलल्याशिवाय त्याचं भागत नाही. आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर तिथली मुलं इकडे शिकायला येत. आमच्याकडचा मुलगा म्हणजे चांगला तिशीचा बाप्या होता, लग्न झालेला. करडईवर त्याचा अभ्यास चालला होता, कारण त्याच्या खोऱ्यातही कमी पाण्यावर तेलाचं पीक घ्यायचं तर करडईच शहाणी, असं त्याचं म्हणणं. काटेरी पीक म्हणून आमची पोरं करडईच्या वाटेला जात नसत आणि हा मात्र सकाळी सहाला वाफ्यात उभा असायचा. कामाच्या बायका त्याला "आमचा परदेशी" म्हणायच्या आणि आपल्या डब्यातली भाकरी त्याला द्यायच्या.

रविवारी तो आमच्या घरी जेवायला यायचा. घरात मी आणि माझी आई, दोघीच. वडील पूर्ण्याला रेल्वेत होते, आईचा जन्म तिकडे क्वार्टरमध्येच गेला. तिला हिंदी येत नाही आणि याला मराठी येत नव्हतं, पण निजामाच्या वेळेपासून आमच्या बोलीत रुतून बसलेले शब्द त्याच्या भाषेतही निघाले. बिमार, फुरसत, मुलूख, जमीन. तेवढ्या भांडवलावर ती दोघं तासभर बोलत बसायची. त्याच्या बायकोला दिवस गेले आहेत, हे माझ्या आधी आईला कळलं.

आणि माझी खोड म्हणजे बातम्या. सकाळी दोन वर्तमानपत्रं, रात्री टीव्ही, आणि स्टाफरूममध्ये जगाच्या राजकारणावर माझं प्रवचन. परभणीत बसून मी भल्याभल्या देशांना शहाणपण शिकवत असे. त्या वर्षी त्या देशात सरकार बदललं आणि आपल्याकडच्या सगळ्या चॅनलांवर एकच चर्चा सुरू झाली, की हा आता आपला राहणार की तिकडे जाणार. माझ्या घरात तर त्या देशाचा जिवंत माणूस रविवारी वरण-भात खात होता. मी त्याला विचारल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं.

त्याने मोकळेपणाने सांगितलं. त्याचा मामा नव्या मंत्र्याच्या कचेरीत होता. खोऱ्यातले लोक तिकडच्या शेजाऱ्याचं कौतुक करतात, कारण त्यांचा रस्ता दारापर्यंत आला आणि आपण कबूल केलेला पूल बरीच वर्षं कागदावरच आहे. मग हात धुता धुता तो म्हणाला, "पण मॅडम, मामा अजून तुमच्याच बाजूने भांडतो. तुम्ही तो एक पूल पुरा केलात तर आमच्याकडचं कुणी तिकडे बघणार नाही."

त्याच आठवड्यात पंचवीस तारीख आली. जमादाराचा चेहरा उतरलेला होता. चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "मॅडम, साहेब लय चिडायलेत. वरून इचारणा व्हायलीय त्या देशाच्या पोरांची. म्हणायलेत, बाकीचे जिल्हे पानं भरून पाठवायलेत अन् तुमचं दर महिन्याला निरंक. काम करता का झोपा काढता?" भला माणूस होता. कधी त्याने त्या मुलाला उगाच चौकीवर बसवून ठेवलं नव्हतं, माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता. मला त्याची कणव आली. कणव आली हे खरंच आहे, पण आपल्याला काहीतरी माहीत आहे आणि ते आता कामाला येणार, याची गुदगुलीही झाली. तेही लिहून टाकते, नाहीतर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही.

मी सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. त्यांच्या भागातल्या लोकांचा कल आता दुसऱ्या देशाकडे आहे. विद्यार्थ्याचा मामा मंत्र्याच्या कार्यालयात असल्याने त्याला आतली माहिती असते. दोन वाक्यं. मामा आपल्या बाजूने भांडतो हे मी सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नाही. ते मला तितकं बातमीसारखं वाटलं नाही, एवढंच. आपल्या बाजूचा माणूस आपल्या बाजूचा आहे, यात सांगायचं काय?

पुढच्या महिन्यात आमच्या प्राचार्यांना शिष्यवृत्तीच्या कचेरीला सहामाही अहवाल पाठवायचा होता. ते सही तेवढी करत, मजकूर मी लिहायचा, अशी आमची जुनी रीत होती. जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत हीच रीत असते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विद्यार्थ्याची प्रगती उत्तम असं लिहून झालं, आणि पान अर्धं रिकामं दिसायला लागलं. तेव्हा मी तीच दोन वाक्यं जरा ऐटीत, इंग्रजीत, चार वाक्यांची करून घातली. प्राचार्यांनी न वाचता सही केली. खाली त्यांचं नाव आणि शिक्का. माझं नाव कुठेच नव्हतं.

उन्हाळ्यात त्या मुलाला मुलगी झाली. एका हंगामाचा प्रयोग हाती आला होता, दुसऱ्या हंगामाचा राहिला होता. तो दोन महिन्यांसाठी घरी गेला. जाताना वाफ्यांचा नकाशा माझ्याकडे दिला, बियाण्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधल्या आणि आईच्या पाया पडला. पेरणीच्या आत येतोच, म्हणाला.

तो गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी दिल्लीहून एक गृहस्थ आले. साधा शर्ट, साध्या चपला, बोलणं अतिशय नम्र. प्राचार्यांनी त्यांना माझ्या खोलीत आणून बसवलं आणि स्वतः बाहेर गेले. त्यांनी मुलाची चौकशी केली, मामाबद्दल खोदून विचारलं. मग म्हणाले की एरवी ते अशा ऐकीव गोष्टींवर जात नाहीत, पण इथून दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच माहिती आली आहे. एक पोलिसांकडून, एक शिक्षणाच्या बाजूने. एकमेकांशी संबंध नसलेली दोन ठिकाणं तेच सांगतात, तेव्हा ते गांभीर्याने घ्यावं लागतं.

दोन्ही ठिकाणी मीच होते. एका ठिकाणी जमादाराचा हात होता, दुसऱ्या ठिकाणी प्राचार्यांची सही, पण तोंड एकच होतं. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. साहेब, ते दोन्ही मीच सांगितलं आहे आणि तेही अर्धंच. एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात ते हसून म्हणाले की कॉलेजचा अहवाल कुणी लिहिला माहीत नाही, पण जिल्ह्याच्या ठिकाणी असं नेमकं लिहिणारा माणूस विरळा. मी खाली बघितलं. मला भीती वाटली होती, प्राचार्यांचं काय होईल, जमादाराचं काय होईल, माझं काय होईल. पण त्या क्षणी माझं तोंड भीतीने बंद राहिलं की कौतुकाने, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. लाज वाटते सांगायला. मी त्यांना दुसरा कप चहा विचारला.

असं माझ्या हातून व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण चौकशी काय करते हे मी भोगलेलं होतं. नोकरीला लागताना माझ्या दाखल्याची पडताळणी निघाली. चौकशीला आलेला माणूस आमच्या घरी न येता पूर्ण्याच्या स्टँडवर चहा पिता पिता कुणाला तरी विचारून गेला. त्या कुणाला तरी आमच्याबद्दल नीट माहीत नव्हतं. दीड वर्ष माझी नेमणूक अडली. वडील चपला झिजवत फिरले. तेव्हा मी त्या न पाहिलेल्या माणसाला काय काय शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या आता मला परत घ्याव्या लागत होत्या.

पावसाळ्याच्या शेवटी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोटी बातमी आली. त्या देशाच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचा आणि काही मदतीच्या कामांचा फेरविचार चालू आहे. कामांच्या यादीत तो पूलही होता. माझ्या दोन वाक्यांनी देशाचं धोरण फिरवलं, असं म्हणण्याइतकी मी वेडी नाही. दिल्लीत माझ्या कागदासारखे शेकडो कागद गेले असतील. पण तेच मला झोंबायला लागलं. प्रत्येक जिल्ह्यात कुणी जमादार असेल, त्याला त्याच्या साहेबाने निरंकवरून झापलं असेल, आणि कुणी माझ्यासारखी शहाणी बाई किंवा बुवा त्याच्या मदतीला धावून गेला असेल. मित्र खरा की खोटा, हे ठरवायला बसलेल्या लोकांसमोर असा ढीग पडतो. त्यात मैत्रीची बाजू सांगणारं वाक्य कमी असणार, कारण ते कुणाला बातमीसारखं वाटत नाही.

त्याला परत यायचा व्हिसा आला नाही. पेरणी आली. त्याच्या नकाशाप्रमाणे मी वाफे पाडून घेतले, त्याच्या चिठ्ठ्या बघून बियाणं टाकलं. तो फोनवर फोटो मागवायचा, उगवण किती झाली विचारायचा. तिकडे त्याच्या मामाची कचेरीत टिंगल सुरू झाली होती. ज्यांच्या बाजूने भांडता त्यांनी तुमच्या भाच्यालाच दारात उभं केलं नाही, असं लोक म्हणायचे. मामाने भांडणं सोडून दिलं. आणि मग त्या दुसऱ्या देशाने तिथल्या अडकलेल्या मुलांना जागा देऊ केल्या. पुन्हा पहिल्या वर्षापासून, नवी भाषा शिकून, पण सगळा खर्च त्यांचा. होकार द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती.

त्याने मला लिहिलं, की त्याला यायचं आहे ते इकडेच. त्याचं पीक इथे उभं आहे. मॅडम, तुम्ही माझ्याबद्दल सरकारला एक पत्र लिहा. तुम्ही मला सगळ्यात जवळून ओळखता, तुमच्या शब्दावर ते विश्वास ठेवतील.

ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आईने विचारलं, "त्याला का येऊ देईनात गं? तू सांगितलंस का त्यांना, पोरगं गुणाचं हाय म्हणून?" मी सांगते म्हणाले.

पत्र लिहिलं. दोन पानं. मामाबद्दलही लिहिलं, पुलाबद्दलही लिहिलं, त्या मुलाने जे म्हटलं होतं ते या वेळी पुरतं लिहिलं. पत्र दिल्लीला गेलं आणि दहा-बारा दिवसांनी चौकशीसाठी फिरून खाली आलं, आमच्या जमादाराकडेच. पंचवीस तारीख नसताना तो आला, तेव्हा मला कळलं. त्याने सांगितलं की वरच्या लोकांचं म्हणणं आहे, आधीची पक्की माहिती याच्या उलट आहे. तरी बाईंना विचारून घ्या.

मी त्याला सगळं सांगितलं. आधीची पक्की माहिती म्हणजे मीच, दोन्हीकडून. मग कपाटातून कागद काढून तेच एका पानावर लिहिलं आणि सही करून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग पान माझ्याकडे सरकवून म्हणाला, "मॅडम, मी नेतो म्हणलं तर नेतो. पर जी बाई आधी अर्धं सांगती, तिचं आता पुरं कोण खरं मानंल? पोराचं काम तर व्हायचं न्हाई, अन् तुमची, माझी, प्राचार्य साहेबांची चौकशी लागंल. माझी चार वर्षं राह्यलीत."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, कारण ते पान गेलं असतं तर निदान कुणीतरी कपाळाला हात लावून ती जुनी फाईल पुन्हा उघडली असती. शक्यता होती. मी ते पान त्याच्या हातात परत दिलं नाही. भ्याले. नोकरीची सात वर्षं उरली होती, घरात आई होती, आणि मी भ्याले, यापलीकडे त्याला दुसरं नाव नाही. जमादाराने माझ्यासमोर तक्ता काढला आणि विशेष माहितीच्या रकान्यात निरंक लिहिलं. मी एकदा त्याच्यावर उपकार केले होते, त्याने ते फेडले.

महिनाअखेर दिल्लीचं उत्तर आलं. पूर्वी मिळालेल्या विश्वसनीय माहितीचा विचार करता या टप्प्यावर काही करता येत नाही. मी ते त्याला जसंच्या तसं कळवलं नाही. नाही जमलं, एवढंच कळवलं. त्याने माझे आभार मानले. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत, असं लिहिलं.

फेब्रुवारीत करडई काढणीला आली. सकाळी दवात काटे नरम असतात, म्हणून उजाडतानाच बायका हाताला फडकी गुंडाळून वाफ्यात उतरल्या. मीही त्यांच्याबरोबर होते, प्रत्येक वाफ्याचं वेगळं बांधायचं होतं. आदल्या आठवड्यात त्या दुसऱ्या देशातल्या नव्या कॉलेजातून त्याचा फोटो आला होता, जाड कोट घालून बर्फात उभा. या हंगामाचे आकडे पाठवा, इथे करून बघतो, असं खाली लिहिलं होतं.

बांधावर मोटारसायकल थांबली. जमादार आज गणवेशात नव्हता. हातात पेढ्यांचा पुडा होता. साहेबाला वरून शाबासकीचं पत्र आलं होतं आणि साहेबाने त्याचं नाव चांगल्या कामासाठी पुढे पाठवलं होतं. त्या देशाची मुलं खरंच तिकडे गेली, सरकारही तिकडेच झुकलं, हे आपल्या जिल्ह्याने सगळ्यांच्या आधी कळवलं होतं म्हणे. त्याच्या तोंडावर आनंदही होता आणि माझ्याकडे बघण्याची चोरीही होती.

"तुमची खबर पक्की निघाली, मॅडम," तो म्हणाला.

एका पेढ्याचे दोन तुकडे करून त्याने एक माझ्या हातावर ठेवला आणि पुडा बायकांच्या पुढे धरला. त्यांनी फडकी सोडून एकेक पेढा घेतला. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "कशाचे पेढे, मॅडम? आपला परदेशी पास झाला का?"

मी हो म्हणाले.